वाळूची पिशवी

जिममधल्या ट्रेनरने काकूंपुढे हात टेकले होते. काकू रोज यायच्या, वाळूची जड पिशवी उचलून कडेवर घ्यायच्या आणि फेऱ्या मारायच्या. ट्रेडमिलकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

"अहो काकू, नुसती ताकद काय कामाची? दमसास नको? थोडं पळा की."

"मला पळायचं नाही. उचलायचंय."

आज मात्र काकू आल्या त्या थेट ट्रेडमिलवर चढल्या. ट्रेनरची कळी खुलली.

"पटलं ना शेवटी माझं?"

"लेकीचा फोन आला होता. यंदाही येणं जमत नाही म्हणाली." काकूंनी कोपऱ्यातल्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. "पुढच्या वर्षी नातू कडेवर थोडाच बसणार आहे? त्याच्यामागे पळावंच लागेल."