राहिलेलं टिंब

मिठागरावर राबणाऱ्या काळूरामची जनी अभ्यासात हुशार होती, पण करंदीकर गुरुजींनी तिला कधी शाबासकी दिली नाही. सातवीत एका गणितात दशांशाचं टिंब राहिलं, तर त्यांनी अख्खं उदाहरण चूक धरलं आणि शाळा सुटल्यावर थांबवून तिच्याकडून पन्नास गणितं सोडवून घेतली. "एक टिंबच तं ऱ्हायलं, गुरुजी!" ती रडत म्हणाली. "टिंब राहिलं की दिडाचे पंधरा होतात," एवढंच ते बोलले. पुन्हा त्यांचं तोंडही पाहायचं नाही, असं जनीनं ठरवलं. पुढे ती नर्स झाली. त्रेसष्ट साली अलिबागच्या एका दवाखान्यात तापानं फणफणलेल्या चार वर्षांच्या मुलीला इंजेक्शन द्यायचं होतं. चिठ्ठीवर पंधरा लिहिलं होतं. औषध भरता भरता जनीचा हात थांबला. ती धावत डॉक्टरांकडे गेली. "डॉक्टर, हे दीड तर नाही ना?" डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली आणि घाईघाईनं एक आणि पाचच्या मध्ये राहिलेलं टिंब दिलं. मुलगी वाचली. त्याच रविवारी जनी एस.टी.नं तळा या आपल्या गावी गेली. गुरुजी निवृत्त होऊन तिथंच राहत होते. तिनं सगळं सांगितलं.  ते चष्मा काढून हळूच म्हणाले, "मी फार छळलं ना गं तुम्हा पोरांना?" जनीला खोटं बोलवेना. "व्हय गुरुजी, लय छळलंत," ती म्हणाली. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिनं गुरुजींना हसताना पाहिलं.