बांधावरचा म्हसोबा

"मावशी, बांधावर देव बसला की सरकारचा बाप आला तरी तिथून रस्ता नेत नाय," यादवराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दगडाला शेंदूर फासला.

शकुबाईनं पदर डोक्यावर ओढून हात जोडले. सिन्नरच्या पलीकडं तिचं दीड एकर रान होतं आणि त्यात नवऱ्यानं पहारीनं खणलेली विहीर. नवरा गेला, विहीर राहिली. नवा महामार्ग या शिवारातून जाणार अशी आवई उठल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दोन हजार दोन सालची जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि दोन्ही उमेदवार त्या रस्त्यावरूनच मतं मागत होते. धनराज गडी फटकळ. पारावर उभा राहून म्हणाला, "रस्ता येनारच. अडवीन असं खोटं बोलनार नाय. पन ज्याची जमीन जाईल त्याला बदल्यात जमीन मिळवून देईन. पाहिजे तर लिहून घ्या." खरं बोलणाऱ्याला गावानं कधी मत दिलंय? बायांनी त्याच्या जीपवर शेण फेकलं. पहिला पो शकुबाईचा होता.

यादवराव मात्र जिभेवर साखर ठेवून बोलायचे. त्यांची द्राक्षबाग त्याच पट्ट्यात होती, त्यामुळे त्यांची कळकळ सगळ्यांना पटली. "माझ्या मढ्यावरून न्यावा लागंल रस्ता," असं त्यांनी देवळात भंडारा उचलून सांगितलं. मग टेम्पोभर म्हसोबा आणले. चांगले घडीव, चौकोनी दगड. माणसं दोरी धरून, टेपनं अंतर मोजून एकेका शेतात ते पुरत गेली.

"देवाला टेप कशाला वो?" शकुबाईनं हसून विचारलं.

"देव एका वळीत बसले की शिवाराला कुंपण होतं, मावशी."

यादवराव दणक्यात निवडून आले. शकुबाईनं घरोघर गूळ वाटला. धनराज वाटेत भेटला तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

देवाचं तिनं मनापासून केलं. दर अमावस्येला नारळ, दहीभाताचा नैवेद्य, तेलात कालवलेला शेंदूर. वर्षभरात शेंदराचा थर बोटभर झाला. एकदा बांधाकडेला नांगर वळवताना आडवा येतो म्हणून तिचा मुलगा गोरक्ष पहार घेऊन निघाला, तर ही दगडाला मिठी मारून बसली.

"आई, हातभरच सरकवतो."

"आधी मला गाड, मग सरकव. देव हाय तो!"

मग तिनं सगळ्या शिवाराला दटावलं. कुणी दगडाला हात लावला तर तिच्याशी गाठ होती. एकानंही लावला नाही.

पुढच्या माघात मोजणीवाले आले. शकुबाई म्हसोबापुढं ठाण मांडून बसली.

"देव हलवल्याबिगर रस्ता जानार नाय," ती साहेबाला म्हणाली. "आन त्याला हात कोन लावतो तेच बघते मी."

"हलवायचा नाहीच, आजी."

साहेब तरुण होता, अदबीनं बोलत होता. त्यानं चप्पल काढली, दगडाला नमस्कार केला आणि खिशातल्या चाकूनं शेंदराचा पापुद्रा खरवडला. खाली कोरलेला आकडा निघाला. आकड्याशेजारी बाण होता, विहिरीकडं तोंड केलेला.

"हा आमच्या खुणेचा दगड आहे," तो म्हणाला. "आधीची आखणी यादवरावांच्या बागेवरून होती. त्यांनी ती इकडं वळवून घेतली. गाव आम्हाला शिवारात पाऊल टाकू देईना, म्हणून दगडही त्यांनीच लावून दिले. बाकी गावांत लोक असले दगड उपटून ओढ्यात फेकतात, तिथं आमचं काम वर्षानुवर्षं अडून पडतं. इथं एकही जागचा हललेला नाही. कुणी सांभाळले हो इतके?"