हप्ता तोच, वर्षं कमी

घरातला प्रिंटर खरखरला. गृहकर्जाच्या हप्त्यांचा नवा तक्ता बाहेर आला. लेक शाळेत गेली की लोकांच्या विजारी आखूड करून तीन वर्षं साठवलेले पैसे मी काल बँकेत भरले होते. नवरा म्हणत होता, “हप्ता कमी करून घे, हात मोकळा राहील.” मी म्हटलं होतं, “हप्ता तोच राहू दे, वर्षं कमी करू. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं, मुद्दल हलतच नाही. घाव आत्ताच घालायचा.” आता तो बोट ठेवून ओळी मोजत होता. एकोणपन्नास हप्ते गायब झाले होते. “विजारी आखूड करता करता कर्जही आखूड केलंस की गं.” तो हसला. लेकीला उचलून घेत म्हणाला, “आईने आपली चार वर्षं वाचवली.” लेकीने विचारलं, “आई, मग ती ठेवलीस कुठे?”