परातीतला शेजार

"मटण आहे ते, विंचू नाही. उचल." गनीमाने परातीतला सगळ्यात मऊ तुकडा सोडवला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला.

आईने स्वतःच्या हाताने पुढ्यात ठेवलेलं मांस नाकारणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटणं. लुलुवाने नाकारलं नाही. नुसतीच बोटांनी ते भातात घोळवत राहिली.

दोन वर्षांपूर्वी लुलुवा आणि तिची आत्या वस्मिया, दोघींनी एकाच आठवड्यात जठर कापून लहान करून घेतलं होतं. तेव्हा अर्ध्या कुवेतला तेच वेड लागलेलं. लग्नात भेटल्या की बायका दागिन्यांआधी टाके विचारायच्या. पण शरीरं आपल्या मर्जीची. वस्मिया उतरली आणि परत फुगली. लुलुवा उतरली ती उतरतच राहिली. आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रविवारी वजन आणखी घटलेलं दिसलं तर दाखल करायचं आणि नाकातून नळी घालायची.

म्हणून गनीमाने पहारा बसवला. पहारेकरीण वस्मिया. रोज दुपारी सुफऱ्यावर, जेवायला पसरलेल्या चादरीवर, लुलुवाच्या खांद्याला खांदा लावून.

"हिचे सगळे बहाणे मला पाठ आहेत, वहिनी. मीही त्याच शाळेतली."

"नापास झालेली," गनीमा म्हणाली.

"मग? मास्तरांपेक्षा नापास पोरांनाच वर्ग जास्त कळतो. आणि मी खाते तरी किती? तीन घास. मला वारा लागला तरी मी फुगते, त्याला कोण काय करणार?"

मजबूसची, म्हणजे मसालेदार मटण-भाताची, परात एकच, आणि तिच्यात घरातल्या सगळ्या बायकांचे हात. भात सारता सारता, कुणाला लिंबू दे, कुणाला ताक दे, असं करत गनीमा एक डोळा लेकीकडे ठेवायची. आणि लुलुवाच्या पुढ्यातला ढीग खरंच संपायचा. हाडं तेवढी उरायची.

जेवण झालं की गनीमा न्हाणीच्या दाराला कान लावायची. ओकारीचा आवाज नाही. नळाचं पाणी, मग शांतता.

"चार तुकडे खाल्ले पोरीने, वल्ला, अल्लाची शपथ," वस्मिया हळूच सांगायची.

कित्येक महिन्यांनी गनीमाला झोप लागायला लागली.

रविवारी तिघी दवाखान्यात गेल्या आणि लुलुवा काट्यावर उभी राहिली. आकडा आणखी खाली गेला होता.

"ही काही खात नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असं कसं? मी माझ्या हाताने वाढते. ही शेजारी बसते तिच्या. विचारा हिला."

डॉक्टरीणबाईंनी वस्मियाकडे पाहिलं. तीही त्यांचीच रुग्ण. "या, आता तुम्ही उभ्या राहा काट्यावर."

वस्मिया उठली नाही. अबायाची बाही नुसती ओढत राहिली.

"आत्याला बोलू नकोस, आई," लुलुवा म्हणाली. "मीच तिला म्हटलं, माझ्या पुढ्यातलं तू घे. म्हणजे मला खाल्ल्याचं नाव मिळेल आणि तुला न खाल्ल्याचं."



"खोटं बोलतेय पोरगी," वस्मिया म्हणाली. तिची मान खालीच होती. "पहिला तुकडा मी ओढला, वहिनी. तो परत घ्यायला तिने हात पुढे केला होता. तेव्हा तिला भूक लागायची."