ब्रशचं पाणी

कल्पना करा मुलांनो, तुमच्यासमोर कल्याण बंदराचं दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे. खाडीत शिडांची गलबतं, काठावर बुरूज आणि पाणी निळंशार. विठ्ठलवाडीत चित्रकलेचा वर्ग घेणाऱ्या श्यामकांत सरांनी त्या दिवशी तेच चित्र मुलांपुढे ठेवलं होतं.

"सर, पाणी एवढं निळं? जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांनी रंग सोडला काय?" आठ वर्षांच्या यशोधराने विचारलं.

"नाही गं बाळा, तेव्हा पाणीच तसं होतं. आपल्या खिडकीखालची वालधुनी याच खाडीला जाऊन मिळते."

"वालधुनी? तो तर नाला आहे ना, सर!" सगळा वर्ग हसला.

"नदी आहे ती. नदी म्हणायचं," सर थकल्या आवाजात म्हणाले. तीस वर्षं ते हेच सांगत होते आणि दर वर्षी मुलं अशीच हसत होती.

वर्ग सुटायची वेळ झाली. "चला, ब्रश धुतलेलं पाणी नाल्यात ओता आणि पळा घरी," सर सवयीने म्हणाले.

यशोधरा रंगीत पाण्याचा मग घेऊन खिडकीपाशी गेली, खाली डोकावली आणि भरलेला मग तसाच परत घेऊन आली.

 

"सर, खाली तर नदी आहे. नाला कुठंय?"