सतरा नंबरचा पाना

खंडेनवमीला शिरड शहापूरच्या नामाजी मिस्त्रीनं हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडली, हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं ठेवली. तेवढ्यात शेजारचा संतराम दारात आला.

"नामाजीभाऊ, सतरा नंबरचा पाना देता का? इंजनाचा बोल्ट ढिल्ला झाला, हळदीच्या वावराचं पाणी थांबून राहिलं."

मागच्या वेळी त्यानं नेलेला पाना आठ दिवसांनी चिखलात माखून परत आला होता, ते नामाजीच्या मनातून गेलं नव्हतं. त्यानं पाटाकडं बोट दाखवलं. "पूजेतलं हत्यार आज कसं उचलू, तूच सांग."

"व्हय, ते बी बराबर हाये," म्हणत संतराम गेला. घरात अठराचा पाना होता. मधी पत्र्याचा तुकडा सारून त्यानं तोच बोल्टला लावला. जोर दिला तसा पाना सटकला, हात इंजनावर आदळला अन् दोन बोटं मोडली.

दसऱ्याच्या संध्याकाळी तो उजवा हात गळ्यात बांधून सोनं द्यायला आला.

"डाव्या हातानं देऊन राहिलो, राग मानू नका. अन् कालचं बी मनात ठेवू नका. सणाच्या दिवशी हत्यार मागाया आलो, त्याचीच शिक्षा भेटली मला."

नामाजीनं मान खाली घालून दोन्ही हातांनी सोनं घेतलं.



सतरा नंबरचा पाना पूजेत नव्हताच. तो परवापासून नामाजीच्याच राजदूत फटफटीच्या डिकीत पडून होता, अन् त्याला ते कालही ठाऊक होतं.