शिळं पाणी

पंप कोरडाच घरघरत होता. त्या आवाजानं निरंजनला जाग आली. गाडीमागे ओढून आणलेल्या घरवजा ट्रेलरच्या खिडकीबाहेर नुकतं उजाडत होतं. त्यानं चाचपडत पंपाचं बटण बंद केलं आणि बॅटरीकडे पाहिलं. रात्रभर फ्रिज चालून जे काही उरलं होतं तेही पंपानं खाल्लं होतं. टाकीचा काटा तळाला टेकला होता.

बाहेर त्याच्या आई, मीनाक्षीबाई, पदर कमरेला खोचून सागाच्या झाडाखाली उभ्या होत्या. ट्रेलरच्या नळाला लावलेली रबरी नळी त्यांच्या हातात होती. झाडाभोवती मोठं आळं भरून चिखल झाला होता. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं.

सिरपूरच्याही पुढच्या या रानात ना वीज होती, ना नळ. छतावरच्या सोलरवर भरेल तेवढी बॅटरी आणि रायपूरच्या घरून भरून आणलेली टाकी, एवढ्यावर तिघांचं भागवायचं होतं. निरंजननं ते निघतानाच दोनदा बजावलं होतं.

नावाला ही सहल होती. खरं म्हणजे ती मीनाक्षीबाईंची परीक्षा होती. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण फ्लॅटच्या भिंती पातळ असल्या की न सांगताही कळतं. मागे एकदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला होता. एकदा सदर बाजारातून परतताना त्यांनी रिक्षावाल्याला तेलीबांध्यातल्या फ्लॅटऐवजी तात्यापाऱ्याचा, जुन्या घराचा पत्ता सांगितला होता. घरी दिवसभर कुणी नसतं, आता नागपूरच्या वृद्धाश्रमातच ठेवावं, असं सुनेचं, सोनियाचं म्हणणं होतं. दोन दिवस सोबत राहू, डोळ्यांनी बघू, मग ठरवू, असं निरंजन म्हणाला होता.

मीनाक्षीबाईही काही कमी नव्हत्या. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, तशा त्या कालपासून वागत होत्या. तांब्याभर पाण्यात अंघोळ केली. बॅटरी वाचावी म्हणून रात्री आपल्याकडचा पंखा बंद करून पदरानं वारा घेत बसल्या. आई तर आपल्यापेक्षा हुशार निघाली, असं निरंजन म्हणाला तेव्हा सोनियाही हसली होती. आणि आज उजाडता उजाडता सगळं मुसळ केरात.

"आई, काय करून राहिली तू?"

"शिळं पाणी होतं रे, कालचं," त्या म्हणाल्या. "झाडाले देऊन टाकलं. नळ यायच्या आत टाकी रिकामी करून ठेवावी म्हटलं."

"कोणता नळ, आई?"

मीनाक्षीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे साग आणि लाल माती. तात्यापाऱ्यात त्यांचा अख्खा संसार असाच झाला होता. पहाटे उठायचं, कालचं पाणी झाडांना घालायचं, भांडी घासून पालथी टाकायची आणि नळाची वाट बघायची. हाताला ते ठाऊक होतं, हातानं ते केलं. डोकं मागून आलं. पण असं सांगितलं तर आणखीच वेड्यासारखं वाटेल, हे कळण्याइतकं ते ठिकाणावर होतं.

"सवयीनं झालं रे. मले समजते सगळं."

"पाणी शिळं होत नसते, आई," निरंजन म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

सोनिया दारात येऊन उभी होती. ती वाईट नव्हती. "अब तो मान लो," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं ट्रेलर गाडीला जोडायला घेतला.

फ्रिजमध्ये एक बाटली निघाली. तेवढंच पाणी. निरंजन आणि सोनियानं घोट घोट घेतला आणि अर्धी बाटली आईसाठी ठेवली. बाईंनी तहान नाही म्हणून सांगितलं आणि बीपीची गोळी तशीच कोरडी गिळली. मे महिन्याचं ऊन चढत होतं. वाटेत निरंजननं दोनदा बाटली मागे केली, दोनदा त्यांनी ती परत दिली. निदान एवढं तरी त्यांना वाचवायचं होतं.

पहिलं गाव लागलं तिथे हापशी होती आणि फोनला रेंजही आली. निरंजन खाली उतरून, गाडीकडे पाठ करून नागपूरशी बोलला. खिडकी उघडी होती. पुढच्या महिन्यापासून जागा ठेवा, हो, एकट्याच राहतील, एवढं मीनाक्षीबाईंना नीट ऐकू आलं. सोनियानं मागे वळून त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

फोन खिशात टाकून निरंजन परत आला. त्यानं सीटवरची ती अर्धी बाटली उचलली, हापशीपाशी जाऊन टोपण काढलं आणि मनात दुसराच विचार चालू असल्यासारखं आतलं पाणी जमिनीवर ओतून दिलं. बाटली विसळली, तेही पाणी फेकलं. मग हापशी मारून ती काठोकाठ भरली आणि खिडकीतून आत दिली.

"घे आई," तो म्हणाला, "ताजं आहे."